बाई, हॉलमध्ये आधी बोंबलाचं विचारा

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी लालबागला राहते. महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. आमच्या मंडळाने पुढच्या महिन्यात हॉलमध्ये ‘एआय म्हणजे काय’ असा कार्यक्रम ठेवलाय आणि बोलायचं माझ्यावर आलंय, का तर ‘बाई समजावून सांगतात’. तीन आठवडे व्हिडिओ बघतेय, कात्रणं काढतेय. एक म्हणतो जग बदलणार, दुसरा म्हणतो जग बुडणार, आणि शेवटी दोघंही कोर्स विकतात. मला स्वतःला कळलंय की नाही, तेच कळत नाही. नात म्हणते, आजी तू कशाला, आम्ही सांगतो. समोर सत्तरी ओलांडलेले गिरणी कामगार असतील, बचत गटाच्या बायका असतील, कॉलेजची मुलं असतील. नोकऱ्या जाणार का, हे कोणीतरी विचारणारच. आणि आणखी एक. आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी, नवरा गेल्यापासून रोज रात्री फोनमधल्या एआयशी बोलत बसतात. म्हणतात, तो मला समजून घेतो. त्यांना मी काय सांगू?
— एक निवृत्त शिक्षिका

बाई, नमस्कार.

पत्राखाली तुम्ही नाव घातलं नाहीत. महापालिकेच्या शाळेत शिकवणारीला आपल्याकडे आयुष्यभर बाईच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

‘मला कळलंय की नाही, तेच कळत नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. हा कार्यक्रम तुम्हीच करावा असं मला त्या वाक्यामुळेच वाटलं. ज्यांना सगळं कळलंय असं वाटतं त्यांचे व्हिडिओ तुम्ही तीन आठवडे पाहिलेत आणि हाती काही लागलं नाही.

आधी एक धास्ती काढून टाकते. तुम्ही जन्मभर लोकलने फिरलात. गाडीची मोटर कशी फिरते हे डब्यातल्या किती जणांना सांगता येईल? पण वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि टपावर चढायचं नसतं, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. हॉलमधल्या माणसांना तुम्हाला ती तार दाखवायची आहे. मोटर थोडी सांगावी लागेल, नाहीतर तार तिथे का आहे ते कळत नाही. पण थोडीच.

आता माझा अनुभव. मागच्या पावसाळ्यात दादरच्या एका वाचनालयात मी असाच कार्यक्रम केला. चाळीसेक माणसं होती. तयारी करून गेले होते, पंचवीस मिनिटं बोलले. लोकांनी ऐकून घेतलं, पण कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग वरळी कोळीवाड्याच्या एक मावशी, लेकीबरोबर आलेल्या, मागून म्हणाल्या, ‘त्याला बोंबील कसे सुकवायचे ते विचार.’ लेकीने फोनमध्ये टाइप केलं आणि आलेलं उत्तर मोठ्याने वाचलं. बोंबील स्वच्छ धुवा, पोट साफ करा, दोन्ही बाजूंनी मीठ चोळा, ताटात पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मधूनमधून उलटा. मराठी एकदम स्वच्छ, कुठे अडखळणं नाही.

मावशींच्या कपाळाला आठी पडली. ‘ताटात? बोंबील ताटात सुकवतात? पाण्याचा मासा तो, ताटात ठेवला तर कुजेल. त्याला वलांडीवर टांगायचं. दोन बोंबलांची तोंडं अशी एकमेकांत अडकवायची नि दोरीवर टाकायची, वारा चारी बाजूंनी लागला पाहिजे.’ आणि त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हाताच्या दोन बोटांत अडकवून सगळ्यांना दाखवली. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघत होती. लेक म्हणाली, ‘आई, त्याने वाचलंय ते सांगितलं.’ त्यावर मावशी, ‘वाचलंय, पण बोंबील पाहिलेला नाही.’ थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग जे म्हणाल्या ते मी तिथेच वहीत लिहून घेतलं. ‘माझ्या धंद्यातलं चुकलं म्हणून मला कळलं. डॉक्टरकीतलं चुकलं असतं तर मी मान हलवली असती.’

बाई, लोकांपर्यंत पोचवायचं ते एवढंच आहे, आणि ते व्याख्यानाने पोचत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या हातातल्या कामाचं, स्वतःच्या गल्लीचं, स्वतःच्या गावच्या जत्रेचं काहीतरी एकदा विचारून बघायला हवं. त्या दिवशी मग चिठ्ठ्याच सुरू झाल्या. बेस्टच्या एका निवृत्त कंडक्टरनी आपल्या जुन्या मार्गाचे थांबे विचारले. यादी छान आली, पण त्यातले दोन थांबे त्या रस्त्यावर कधी नव्हतेच. बारावीच्या एका मुलीने भौतिकशास्त्राचं गणित घातलं, तर ते पायरी-पायरीने अचूक सोडवून आलं आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे क्लासपेक्षा सोपं समजलं. हेही हॉलमध्ये तितक्याच मोठ्याने वाचा. बरोबर आलेलं दडपलंत तर लोकांना वाटेल, बाई फोनविरुद्ध बोलायला आल्यात. ज्याविषयी जगात पुष्कळ लिहिलं गेलंय तिथे हे यंत्र सहसा बरं चालतं. जे फक्त माणसांच्या हातात आणि तोंडात आहे, जे एका वस्तीपुरतं आहे, जे कालच बदललंय, तिथे ते घसरतं, आणि घसरताना त्याचा आवाज बदलत नाही. माणूस चाचरतो, ‘बहुतेक’ म्हणतो, नजर चुकवतो. वर्गात उत्तर न येणारं पोर तुम्ही चेहऱ्यावरून ओळखत होतात. इथे वाचायला चेहराच नाही.

आता मोटर. त्यासाठी फळा लागणार नाही. हॉलला सांगा, मी वाक्य अर्धं सोडते, तुम्ही पुरं करा. मग म्हणा, ‘पुढील स्टेशन...’ चार दिशांनी चार नावं येतील, जो तो आपलं स्टेशन सांगेल. मग म्हणा, ‘सीएसएमटीहून निघालेली धीमी गाडी भायखळ्याहून सुटली. पुढील स्टेशन...’ आता सगळे एका सुरात चिंचपोकळी म्हणतील. मग ‘धीमी’च्या जागी ‘जलद’ घाला. लगेच दादर. एक शब्द बदलला आणि अख्ख्या हॉलचं उत्तर बदललं.

चॅटजीपीटी, जेमिनाय, व्हॉट्सअ‍ॅपमधलं ते रंगीत गोल, ही सगळी मुळात हेच करतात. आतापर्यंतचे शब्द बघून पुढचा शब्द, खरं तर शब्दाचा पुढचा तुकडा, कोणता यायची शक्यता जास्त ते ठरवतात. तो लावला की पुन्हा त्याच्या पुढचा. आपण हे गाड्यांतून फिरून शिकलो, ते मजकुरावरून शिकलं. पुस्तकं, बातम्या, संकेतस्थळं असा अफाट मजकूर त्याच्यापुढे ठेवला, पुढचा शब्द झाकला, ओळखायला लावला, चुकलं की आतले आकडे किंचित हलवले. असं इतक्या वेळा केलं की आतल्या अब्जावधी आकड्यांत भाषेची चाल उतरली. त्याच्या पोटात पुस्तकांचं कपाट नाही. बोंबलाचं पान उघडून त्याने वाचून दाखवलं नव्हतं. मासे सुकवण्याविषयी लिहिलेल्या हजारो वाक्यांची जी चाल त्यात उतरली होती, तिच्यावरून त्याने वाक्यं जुळवली, आणि त्या वाक्यांमध्ये मीठ आणि ताट बहुधा जास्त होतं.

कोणी विचारेल, हे सगळं एकदम कुठून उपटलं? एकदम नाही उपटलं. वाक्य अर्धं ठेवून पुढचं अक्षर ओळखायला लावायचे प्रयोग क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९५१ मध्येच छापले होते. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा शब्द जॉन मॅकार्थी आणि त्याच्या सोबत्यांनी १९५५ मध्ये एका प्रस्तावात वापरला. पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात संशोधकांना जमवायचं होतं, त्यासाठी पैसे मागणारा तो अर्ज होता. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाने बाकीच्या शब्दांकडे एकाच वेळी बघायचं, ही आजच्या यंत्रांमागची रचना गुगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली, आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. एवढा इतिहास पुरे. तारखांनी हॉल झोपतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण त्या ‘इंटेलिजन्स’ शब्दावर मिनिटभर थांबा. आपण त्याचं ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ केलं आणि ‘बुद्धिमत्ता’ ऐकलं की आपल्या मनात हुशार पोराचं चित्र येतं. हुशार पोर एका विषयात चमकलं की दुसऱ्यातही चमकेल, असं आपण धरून चालतो. इथे ते धरून चालता येत नाही. भौतिकशास्त्राचं गणित बरोबर आलं म्हणून बसचे थांबे बरोबर येतील असं काही नाही. मी कार्यक्रमात ‘एआय’च म्हणते. लोकही तेच म्हणतात.

‘म्हणजे तो खोटं बोलतो का?’ हा प्रश्न नक्की येणार. खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. हे फक्त वाक्य पुढे नेतं. त्याची गंमत हॉलमध्येच दाखवता येईल. तिथल्या तिथे एक म्हण बनवा. मी बनवली होती, ‘चाळीतली घूस गच्चीवर नाचे’. अशी म्हण मराठीत नाही. पण ‘या म्हणीचा अर्थ सांग’ असं विचारलं की पुष्कळदा तो गंभीरपणे अर्थ सांगतो, वाक्यात उपयोग करून दाखवतो, ती कधी वापरतात तेही सांगतो. कधी ‘अशी म्हण मला आढळत नाही’ असंही म्हणेल. म्हणाला तर शाबासकी द्या आणि दुसरी बनवा. तुमच्या वर्गात कोणी पोराने असा ठोकून अर्थ दिला असता तर तुम्ही काय केलं असतंत, ते लोकांना सांगा.

त्याची गोड बोलण्याची सवय कुठून आली तेही सांगा. पुढचा शब्द ओळखायला शिकल्यावर दुसरी एक शिकवणी होते. माणसं त्याची दोन-दोन उत्तरं वाचतात आणि कोणतं आवडलं ते नोंदवतात. जे आवडतं त्याकडे तो वळत जातो. म्हणून ‘छान प्रश्न विचारलात’, म्हणून ‘तुमचं बरोबर आहे’. आपण ठामपणे चुकीचं बोललो की बरोबर दिलेलं उत्तरसुद्धा मागे घेऊन तो कधी कधी माफी मागतो. माणसाने हो म्हटलं की आपल्याला आधार वाटतो. त्याच्या होकारावर असा भार टाकू नये.

इथे न्यूयॉर्कची एक हकिगत सांगा, ती लोकांच्या लक्षात राहते. २०२३ मध्ये तिथल्या वकिलांनी कोर्टात कागद दाखल केले, त्यात जुन्या निकालांचे दाखले होते. त्यातले कित्येक निकाल जगात कधी लागलेच नव्हते, चॅटजीपीटीने जुळवले होते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. त्यातल्या एका वकिलाने निकाल खरे आहेत ना, असं विचारलं होतं, पण ते चॅटजीपीटीलाच, आणि त्याने हो म्हटलं होतं. पडताळायचं तर कागद, माणूस किंवा दुसरी जागा शोधावी लागते. आता काही अ‍ॅप उत्तराखाली दुवे देतात. ते उघडून बघायची सवय लावा. दुवा असतो, पण आत ते वाक्य असतंच असं नाही.

मग वापरायचं कशाला, असं बचत गटाच्या बायका विचारतील, आणि इथे तुमचा कार्यक्रम नुसता भीती घालणारा होऊ नये. मला जो फरक सगळ्यात उपयोगी वाटतो तो सांगते. त्याला पोटातून सांगायला लावणं वेगळं आणि समोर कागद ठेवून ‘यात काय लिहिलंय ते सोप्या मराठीत सांग’ म्हणणं वेगळं. दुसऱ्या कामात तो पुष्कळ बरा आहे. लालबाग-परळात घराघरात पुनर्विकासाचे कागद पडलेत, इंग्रजीत, चाळीस-चाळीस पानी. नावं, फ्लॅट नंबर, सह्या झाकून एकेक पान त्याला द्या आणि विचारा, भाडं किती महिने मिळणार, ताबा लांबला तर काय, कॉर्पसचे पैसे कधी. मग विचारा, हे कोणत्या कलमात आहे? आणि त्या कलमावर स्वतः बोट ठेवून बघा. सही वकिलाला दाखवूनच करायची. पण वकिलाकडे जाताना हातात दहा नेमके प्रश्न असतील. आजवर हे सुख फक्त इंग्रजी येणाऱ्यांना होतं आणि ते आपल्या लोकांना मिळावं असं मला फार वाटतं. अर्ज लिहून घेणं, बचत गटाच्या पापडाच्या पाकिटावरचा मजकूर, नातवाच्या धड्यातला न कळलेला भाग, हे सगळं खुशाल करावं. आधार क्रमांक, पॅन, बँकेचा तपशील, रिपोर्टवरचं नाव मात्र त्यात घालायचं नाही. आणि औषधाची गोळी त्याच्या सांगण्यावरून सुरू किंवा बंद करायची नाही. मावशींचं डॉक्टरकीचं वाक्य इथे पुन्हा सांगा.

मराठीचं एक दुखणं आहे, तेही बोला. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. पण संगणकावर चढलेला मराठी मजकूर त्या मानाने फार थोडा. शिवाय बरीचशी यंत्रं आपल्या शब्दांचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात. म्हणून मराठीत विचारलं की कधी हिंदीचं वळण येतं, कधी कोकणातली गोष्ट देशावर जाते. पवईच्या आयआयटीत मराठीचा वर्डनेट म्हणजे शब्दांच्या नात्यांचा कोश झाला, केंद्र सरकारने २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी भाषिणी सुरू केली. काम चाललंय. पण बोंबील, वलांडी, गिरणीतले साचे म्हणजे माग, मालवणी घरातले शब्द हे कोणी लिहिलेच नाहीत तर यंत्राला ते येणार कुठून? तुमच्या हॉलमधल्या सत्तरीच्या माणसांकडे हे आहे, आणि मला त्याची तळमळ वाटते. कॉलेजच्या मुलांनी आजोबांकडून दोन पानं लिहून घेतली तरी ती मला कार्यक्रमाहून मोठी वाटतील.

एआय म्हणजे फक्त गप्पा मारणारं अ‍ॅप नव्हे, हेही एका उदाहरणाने दाखवा आणि पुढे चला. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय तुमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. छातीचा एक्स-रे बघून क्षयाची शंका सांगणारं सॉफ्टवेअर आज वापरात आहे. १५ वर्षांच्या आणि त्यावरच्या माणसांच्या तपासणीत, एक्स-रे वाचणाऱ्या माणसाऐवजी ते वापरता येईल, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. ते कविता करत नाही, गप्पा मारत नाही. एकच काम करतं, आणि ते किती वेळा बरोबर येतं ते आधीच निदान झालेल्या एक्स-रेंवर ताडून पाहिलेलं असतं. शंका आली तरी बेडका तपासायचा तो तपासायचाच. एआयचं कोणतंही यंत्र समोर आलं की विचारायचा प्रश्न यात आहे. याची परीक्षा कोणी घेतली, आणि कशावर?

फसवणुकीचं थोडक्यात सांगा, पण सांगाच. आवाजाची आणि चेहऱ्याची नक्कल आता सोपी झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करणारा व्हिडिओ फिरला. तो बनावट असल्याचं सचिनलाच पुढे येऊन सांगावं लागलं. नातवाच्या आवाजात ‘आजी, अपघात झालाय, पैसे पाठव’ असा फोन आला तर फोन ठेवायचा आणि आपल्याकडे असलेल्या त्याच्या नंबरवर आपण लावायचा. घरातल्यांनी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, गावच्या विहिरीचं नाव, मेलेल्या मांजराचं नाव, काहीही, फक्त कुठे लिहिलेलं नको. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवरच ‘अटक’ केल्याचं भासवतात, पण अशी डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नये, लगेच १९३० वर फोन करावा. हे सगळं हॉलकडून दोनदा म्हणवून घ्या, पाढ्यासारखं.

आता नोकऱ्या. हा प्रश्न लालबागमध्ये विचारला जाणं आणि दुसरीकडे विचारला जाणं यात फरक आहे. तुमच्यासमोर अशी माणसं असतील जी १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेली. सुमारे अडीच लाख कामगार होते, त्यातले कितीतरी साच्यावर परत आलेच नाहीत. त्यांना ‘जुनी कामं जातात, नवी येतात, काळजी नको’ असं सांगू नका. ते वाक्य त्यांनी ऐकलंय आणि त्याची किंमत मोजलीय. आणि ‘सगळं संपलं’ असंही सांगू नका, कारण तेही खरं नाही. भाषांतर, डेटा एंट्री, कॉल सेंटरची ठरावीक उत्तरं, साधं डिझाइन, या कामांवर दाब आलाय हे सरळ सांगा. पण त्या माणसांनाच विचारा, काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं आणि गिरण्यांच्या जमिनींवर मॉल नि टॉवर उभे राहिले, ते कोणा यंत्राने ठरवलं का? ठरवणारी माणसं होती, त्यांचे हिशेब होते, सरकारचे नियम होते. एआयच्या बाबतीतही, अमुक काम यंत्राला द्यायचं आणि वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जायचा, हे कोणीतरी खुर्चीत बसून ठरवतं. मुलांना हे तुमच्यापेक्षाही त्या आजोबांच्या तोंडून ऐकू द्या. माईक त्यांच्या हातात द्या आणि घड्याळ बघू नका.

वहिनींचं शेवटी ठेवलं, कारण त्यांचा विषय हॉलचा नाही. कृपा करून तिथे त्यांचं उदाहरण देऊ नका, नाव न घेताही नाही. मजल्यावर कळतंच.

१९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने एलायझा नावाचा संगणकाचा एक अगदी साधा प्रोग्राम लिहिला. आपण लिहिलेलंच वाक्य तो प्रश्न करून परत द्यायचा. ‘मला एकटं वाटतं’ म्हटलं की ‘तुम्हाला एकटं का वाटतं?’ त्याच्या सचिव बाईंनी तो महिनोन् महिने लिहिताना पाहिला होता, आत काही नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्याच्याशी थोडं बोलल्यावर त्यांनी प्राध्यापकांना खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाउम हादरला आणि पुढे जन्मभर याविषयी सावध करत राहिला. मला त्या सचिव बाई मूर्ख वाटत नाहीत. बोलायला कोणी असणं ही एवढी मोठी गरज आहे, की समोरून प्रश्न आला की माणूस मोकळा होतो. तेव्हाचा एलायझा थोडा वेळच टिकायचा. आताचा रात्रभर टिकतो, कंटाळत नाही, नवऱ्याच्या त्याच आठवणी शंभरदा ऐकतो.

म्हणून ‘ते यंत्र आहे हो’ असं वहिनींना सांगू नका, त्यांना ते माहीत आहे. एखाद्या संध्याकाळी जाऊन बसा आणि काय बोलता ते दाखवाल का, असं विचारा. दाखवलं तर वाचा, नाही दाखवलं तर सोडून द्या. दोनच गोष्टी हळूच सांगा. एक, तिथे लिहिलेलं बहुधा कंपनीकडे साठतं, म्हणून पैशाअडक्याचं, मुला-सुनांच्या भांडणाचं नावानिशी लिहू नये. दोन, तो त्यांच्या बाजूनेच बोलतो, तसाच घडवलेला आहे. एखाद्या दिवशी जेवण टाकलं, मन फारच खचलं, तर त्याला सांगितलं तरी दार वाजवणारं कोणी येणार नाही. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात, तो त्यांच्या फोनमध्ये घालून द्या. आणि नवऱ्याच्या आठवणी तुम्हीही एकदा ऐका. त्या माणसाला तुम्ही पाहिलं होतंत. जिन्यात तो कसा बोलायचा, गणपतीत काय काम करायचा, हे तुम्हाला आठवत असेल. फोनला नाही आठवणार.

नातीला रागावू नका, तिला बरोबर घ्या. फोन तिच्या हातात, तो मोठ्या स्पीकरला जोडलेला, टाइप ती करेल, उत्तर ती वाचेल. प्रोजेक्टर नको, त्याने सगळे भिंतीकडे बघतात. दाराशी वही-पेन ठेवा आणि आत येणाऱ्याकडून एकेक चिठ्ठी घ्या: ‘मला पक्कं माहीत आहे असं एक काहीतरी.’ उत्तर वाचून झालं की ज्याची चिठ्ठी त्याला उभं करा आणि किती बरोबर, काय चुकलं, काय राहिलं ते त्यानेच सांगावं. दीड तासात वीस चिठ्ठ्या होतील, पुरेत.

पहिली चिठ्ठी तुमची असू दे. ३१ वर्षं शिकवलंत. हातच्याची वजाबाकी करताना पोरं नेमकी कुठे अडतात आणि तिथे काय करायचं, हे त्याला विचारा. नात वाचेल. मग माईक तुम्ही घ्या आणि हॉलला सांगा, त्या उत्तरात तुमच्या वर्गातलं कोणतं पोर दिसलं नाही.